न वाचलेली ओळ

ग्राउफुर्ट, संत मार्टिनच्या सणाच्या आदल्या दिवशी, १४६७

ओस्वाल्ट,

तुझं अक्षर मी रोज बघते. तीन आठवडे झाले, संत वेटच्या चर्चच्या दारावर ते खिळ्यानं ठोकलेलं आहे. खाली शिक्का बिशपचा असेल, पण वरची प्रत्येक ओळ तुझी. बाबांनी आपल्याला एकाच पाटीवर गिरवायला लावलं होतं, तेव्हा मला तरी फसवू नकोस. ओळ संपताना शेपटी लांबवायची तुझी खोड अजून गेलेली नाही.

वाचायला शिकले याचं पहिल्यांदाच वाईट वाटलं. शहरावर धर्मबंदी. घंटा वाजणार नाही, चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना होणार नाही, लग्न लागणार नाही, मेलेल्याला पवित्र मातीत जागा मिळणार नाही. आणि खाली बहिष्कृतांची नावं. तिसरं नाव वेंडेल, पिंपं करणारा. तुझे दाजी! ज्यांच्या खांद्यावर बसून तू जत्रा बघितलीस त्यांचं नाव लिहिताना हात जरा तरी अडखळला का रे? मला कुठे शाईचा डागसुद्धा दिसला नाही.

आणि कशासाठी, तर तीन किल्ल्यांसाठी. नवा बिशप पहिल्यांदा शहरात येतो, आपण वेशींच्या किल्ल्या उशीवर ठेवून त्याच्या हातात देतो, तो मिस्सा होईपर्यंत धरतो आणि जेवणाला बसण्याआधी परत करतो. आजोबांच्या आजोबांपासून हेच चालत आलंय. तुझ्या महाराजांनी त्या मुठीत धरल्या, बाहीत घातल्या आणि घोड्यावर बसून गडावर निघून गेले! पाहुण्याला खुर्ची दिली म्हणून तो घराचा मालक होतो का? मग गावानं कुलुपं बदलली, तर काय चुकलं? नव्या किल्ल्या तिघांकडे दिल्या. पाणवेशीची तुझ्या दाजींकडे आहे, रात्रंदिवस गळ्यात असते.

गाव चिडून चिडून थकलंय. सहाजण गेले आतापर्यंत. वेशीबाहेर पुरायचं म्हणजे चोरांच्या आणि फासावर गेलेल्यांच्या शेजारी, ते कोणाला मान्य नाही. म्हणून दाजी पिंपं करतात, मेलेल्याला आत ठेवून, डांबर लावून झाकण बसवतात, तापल्या सळीनं वर नाव डागतात, आणि मिठाच्या कोठारात उभी करून ठेवतात. जिवंत असताना बाजारात रांगेत उभी राहिली, मेल्यावरही बिचारी उभीच.

आता मुद्द्याचं. आईचा खोकला छातीत उतरलाय. मरणाची भीती नाही तिला, घोर एकच, चर्चच्या आवारातली बाबांच्या शेजारची जागा. तू गडावर बिशपच्या उशापायथ्याशी असतोस, काहीतरी कर. परटीण मेख्टिल गडावर कपडे न्यायला-आणायला जाते, तिच्या टोपलीतून हे पाठवतेय. सोबत हातमोजा आहे, बोटं उघडी ठेवलेला, लिहिता यावं म्हणून. आईनं विणलाय, उजवा. डावा सुयांवर आहे.

तुझी ताई,
गेर्लिंड


गड, संत एलिझाबेथच्या दिवशी

ताई,

तुझं पत्र वाचलं. हात अडखळला होता. ती तिसरी प्रत होती. पहिल्या दोन प्रतींत दाजींच्या नावापाशी डाग पडला म्हणून बिशपच्या दिवाणांनी त्या फाडायला लावल्या.

तुम्ही खालून वर बघता, तुम्हाला वाटतं बिशप म्हणजे गडावरचा राक्षस. राक्षस असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी मनापासून देता आल्या असत्या. म्हातारा आहे गं. गरम पाण्याच्या घंगाळात पाय सोडून बसतो आणि बार्लीची पेज पितो. तुमच्या त्या जुन्या तीन किल्ल्या टेबलावर असतात, कागद उडू नयेत म्हणून वर ठेवायला. एकही कुलूप उघडत नाहीत आता, त्यालाही ठाऊक आहे.

मग परत का देत नाही? कारण देता येत नाही. ज्या बारा धर्मपंडितांनी त्याला निवडून दिलं ते बाराही जण तो कधी घसरतो याची वाट बघत बसलेत. एका हातात क्रूस आणि दुसऱ्या हातात तलवार असलेला माणूस आहे तो, डोकं खाजवायला हात मोकळा नाही. शहरापुढे नमला तर उद्या खेडी, परवा सरदार, आणि शेवटी हे बाराजण म्हणतील, महाराज थकले, मदतीला कुणीतरी नेमूया. असा मदतनीस आला की मालक संपला.

एक गोष्ट तुला म्हणून सांगतो, मेख्टिलच्या कानावर जाऊ देऊ नकोस. त्याला दिसत नाही. मोतीबिंदू. फक्त दिवाणांना आणि मला माहीत आहे. मी वाचून दाखवतो, तो शिक्का मारतो. माझी किंमत आहे ती एवढीच, म्हणून माझे हात फार वर पोचतात असं समजू नकोस.

तरी विचारतो. आईला सांग, मोजा अगदी हाताच्या मापाचा झालाय. इथल्या लेखनशाळेत शाई गोठते, पण बोटं चालतात.

ओस्वाल्ट


ग्राउफुर्ट, संत सेसिलियाच्या दिवशी

ओस्वाल्ट,

तुझ्या म्हाताऱ्याचे पाय घंगाळात आहेत हे ऐकून जीव भांड्यात पडला. आमची म्हातारी उशीला टेकून बसल्या बसल्या झोपते, आडवी झाली की गुदमरते. त्याच्या अडचणी मला सांगू नकोस. त्याला बाराजणांची भीती, बाराजणांना आणखी कुणाची, आणि सगळ्यांच्या भीतीचं ओझं शेवटी येतं आमच्या अंगावर.

आई म्हणाली, "त्याला रागावू नकोस, पोटासाठी लिहितो तो." मी म्हटलं, बाबाही पोटासाठीच शिकवायचे, पण गावच्या पोरांना. तर ती विणायला लागली. मग मलाच वाईट वाटलं.

विचारतो म्हणालास, मग विचार. दिवस फार नाहीत.

ताई


गड, संत कॅथरिनच्या दुसऱ्या दिवशी

ताई,

विचारलं. आता वाटतं, गप्प राहिलो असतो तर बरं झालं असतं.

बिशपपर्यंत गोष्ट गेलीच नाही. दिवाणांनी मला बसायला सांगितलं. ते कधी कुणाला बसवत नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं. म्हणाले, "तुझ्या आईला नक्की जागा मिळेल. पाद्री येईल, मेणबत्त्या येतील, घंटाही वाजेल. तुझे मेहुणे पाणवेशीची किल्ली गळ्यात घालतात ना? एका रात्रीसाठी हवी आहे. लोहार मेणात ठसा घेईल आणि सकाळी परत. त्यांना कळायचंही कारण नाही."

पाणवेस म्हणजे नदीकडून होड्या. होड्या म्हणजे भाडोत्री शिपाई. मला काय कळत नाही का? पण ताई, मी तीन दिवस विचार करतोय. कधी ना कधी शहर झुकणारच आहे, उपाशी राहून, नाहीतर थकून. मग आईनं तेवढ्यासाठी पिंपात का उभं राहायचं? दाजी झोपल्यावर गळ्यातून काढता येईल तुला. मी 'कर' म्हणत नाही. पण 'करू नकोस' असंही माझ्यानं म्हणवत नाही. माझं डोकं चालत नाही, तूच ठरव.

ओस्वाल्ट


ग्राउफुर्ट, संत निकोलसच्या आदल्या दिवशी

ओस्वाल्ट,

उत्तराला उशीर झाला. घरात कामं होती.

नाही. दिवाणांना सांग, बहिणीनं नाही म्हटलं. जास्त काही सांगू नकोस, शिव्या मी तुला वेगळ्या लिहिल्या होत्या, पण तो कागद चुलीत घातला. तू 'तूच ठरव' म्हणून मोकळा झालास. लहानपणी दूध सांडायचास आणि मांजराकडे बोट दाखवायचास, तसाच राहिलास.

आईला तुझा निरोप कळला. ती म्हणाली, "माझ्या एका खड्ड्यासाठी गावच्या पोरांच्या नरड्यावर सुरी ठेवणार का? मला काही घाई नाही." आता ती शांत आहे. खोकलाही थांबलाय. तेव्हा तिची काळजी करू नकोस, आणि पुन्हा कुणाकडे तिच्यासाठी तोंड वेंगाडू नकोस. तिची काळजी मी घेतली आहे.

गावाचं म्हणशील तर थंडी पडली तशी म्हातारी माणसं भराभर चाललीत. कोठारात एकोणीस पिंपं झाली. तुझ्या दाजींनी गेल्या आठवड्यात एक ओकचं केलं, इतकं नीट की रंधा मारून आतून सुद्धा गुळगुळीत.  

डावा हातमोजा सोबत पाठवते.

ताई


गड, संत लुसियाच्या दिवशी

ताई,

तुझं पत्र वाचून रडलो, आणि खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. आईचा खोकला थांबला! मी दिवाणांना 'नाही' कळवलं. त्यांनी नुसती मान हलवली, पण दुसऱ्या दिवसापासून माझं जेवण नोकरांच्या बाकावर लागतंय. लागू दे.

डावा मोजा मिळाला. आईला सांगू नकोस, पण त्याचा अंगठा फार मोठा झालाय, दोन अंगठे मावतील. टाकेही सैल पडलेत. हात चालत नाहीत ना आता तिचे. तरी ह्या वयात, असल्या आजारात पुरा केला म्हणजे कमाल आहे. मी घालतो. डाव्या हाताला काय, कागद तर दाबून धरायचा असतो.

इथे नाताळच्या सवलतीचा कागद तयार करायचाय. धर्मबंदी असली तरी नाताळच्या दिवशी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत ती उठते, हे तुला माहीतच आहे. घंटा वाजवा, दारं उघडा, मिस्सा गा. मजकूर ठरलेला आहे, जुन्या वहीतून उतरवायचा. बहिष्कृतांनी मात्र आवारातही पाय ठेवायचा नाही. म्हणजे दाजी बाहेरच. पण आईला मिस्साला नेता येईल का? उबदार पांघरूण घालून, ढकलगाडीतून तरी ने. घंटा ऐकली की तिला बरं वाटेल.

ती एकोणीस पिंपं मात्र डोक्यातून जात नाहीत. मेख्टिल म्हणते आता पंचवीस झाली. तो कागद मीच लिहिला होता. रोज रात्री एकेक पिंप माझ्याकडे बघत उभं असल्यासारखं वाटतं.

उत्तर लिही. आईनं काही सांगितलं तर तेही लिही.

ओस्वाल्ट


गड, संत स्टीफनच्या दिवशी

ताई,

तुझं उत्तर आलं नाही, पण काल घंटा ऐकल्या. गडाच्या तटावर आम्ही सगळे गेलो होतो, स्वयंपाकीसुद्धा. चर्चच्या आवारात इतके जाळ कशाला पेटवलेत, असं सगळे विचारत होते. मला ठाऊक होतं. गोठलेली जमीन जाळ केल्याशिवाय खणता येत नाही.

ती ओळ मी घातली. जुन्या मजकुरात ती नाही, कधीच नव्हती. 'आणि ज्यांना अजून माती मिळाली नाही त्यांना या एका दिवशी ती मिळावी.' आईचा उजवा मोजा घालून लिहिली, हात अजिबात अडखळला नाही. मग बिशपना कागद वाचून दाखवला, ती ओळ सोडून. त्यांनी शिक्का मारला. दिवाण त्या दिवशी तापानं पडून होते, नाहीतर जमलंच नसतं.

आज सकाळी दिवाण खवळून आत आले. "कुणी परवानगी दिली? एकतीस कबरी! धर्मबंदीचा कणाच मोडला!" मी भिंतीला धरून उभा होतो. बिशप घंगाळात पाय सोडून बसलेले. म्हणाले, "मी दिली."

"महाराज, आपण?"

"शिक्का कुणाचा आहे? माझा ना? मग मीच दिली. का, माझ्या शिक्क्याखाली काय आहे ते मला ठाऊक नसतं, असं म्हणायचंय तुम्हाला? आणि तेही त्या बाराजणांपुढे?"

दिवाण मागे वळले. काय बोलणार? बिशपनं आपला कागद वाचला नाही हे कबूल करायचं म्हणजे बिशपला दिसत नाही हे कबूल करायचं. ते गेले, मीही सटकत होतो तर बिशप म्हणाले, "थांब. मी बिशप होण्याआधीपासून, दहा वर्षं तू मला वाचून दाखवतोस. तुझा श्वास कुठे संपतो ते मला माहीत आहे. परवा तू ओळीच्या मध्येच थांबलास आणि आवंढा गिळलास."

मी गुडघ्यावर बसलो. विचारलं, महाराज, मग आपण विचारलं का नाही?

"विचारलं असतं तर नाही म्हणावं लागलं असतं. जे काही मला विचारावं लागतं त्याला मी नाहीच म्हणतो, दुसरं म्हणता येत नाही मला. पाणी गार झालंय, जरा कढत ओत. आणि पुन्हा असं केलंस तर तुझा उजवा हात जाईल. ते मात्र मी थट्टेनं बोलत नाही."

मी पाणी ओतलं. किल्ल्या तिथेच टेबलावर होत्या.

तर असं आहे. धर्मबंदी आज पहाटेपासून पुन्हा लागू झाली, आता पुढची सवलत ईस्टरला. तेव्हा ही ओळ नसेल, ताई, पुन्हा माझ्यानं होणार नाही. मला हात हवाय. म्हणून आईला सांग, काहीही करून तग धर. वसंतात शहर आणि बिशप बोलणी करतील, दोघेही दमलेत. तिला म्हणावं एवढा एक हिवाळा काढ, बाबांच्या शेजारची जागा कुठे जात नाही. लोकांच्या एकतीस माणसांना माती मिळाली आणि आपली आई अजून आपल्यात आहे, याहून जास्त मागायला मला तोंड नाही.

ओस्वाल्ट


ग्राउफुर्ट, निष्पाप बाळांच्या सणाला

ओस्वाल्ट, बाळा,

बसून वाच.

आई संत अँड्र्यूच्या आदल्या दिवशी गेली. दुपारी, उशीला टेकून, हातात विणकाम. तुझं ते किल्लीचं पत्र तिच्या उशाशी होतं, मीच वाचून दाखवलं होतं. खड्ड्याचं आणि नरड्याचं ती खरंच बोलली, मी मनचं काही लिहिलं नाही. नंतर म्हणाली, "मी गेल्याचं ओस्वाल्टला कळवू नकोस. तो हळवा आहे, माझ्या पायी दिवाणाचे पाय धरेल, आणि दिवाण त्याच्याकडून काहीही करून घेईल." म्हणून नाही कळवलं. खोकला थांबला असं लिहिलं ते खोटं नव्हतं.

तुझ्या दाजींना मी किल्लीचं सांगितलं नाही, आजपर्यंत नाही. त्यांनी आईसाठी ते ओकचं पिंप केलं, आतून गुळगुळीत, तिला टोचू नये म्हणून. झाकणावर तिचं नाव त्यांनी सळी पुन्हा पुन्हा तापवून डागलं. त्या घडीला मी नुसतं म्हटलं असतं की एका किल्लीच्या बदल्यात आईला जागा मिळते, तर त्यांनी ती गळ्यातून काढून माझ्या हातात ठेवली असती. मला माहीत होतं, म्हणून मी तोंड शिवून घेतलं. तुझ्यापासून तिचं मरण लपवायचं, त्यांच्यापासून किल्ली लपवायची, आणि रोज मिठाच्या कोठारात जाऊन एकोणिसाव्या पिंपापाशी उभं राहायचं. ओस्वाल्ट, मी फार दमले रे. तुझ्या लुसियाच्या पत्राला उत्तर लिहायला बसले होते. तू लिहिलं होतंस, आईला ढकलगाडीतून ने. पुढे लिहवेना.

नाताळच्या सकाळी पाद्रीबाबांनी तुझा कागद वाचायला घेतला. घंटा, दारं, मिस्सा. आणि मग ती ओळ आली. पाद्रीबाबा थांबले, त्यांनी ती मनातल्या मनात पुन्हा वाचली आणि मग मोठ्यांदा. बायका बाहेर पळत सुटल्या, कुदळी आणायला. मी नाही पळाले. मी पुढे जाऊन तो कागद पाद्रीबाबांच्या हातून घेतला. अक्षर तुझं होतं आणि शेपटी लांब होती.

ढकलगाडीतूनच नेली तिला. दाजींनी आवाराच्या फाटकापर्यंत आणली आणि तिथे थांबले, आत पाऊल टाकलं नाही. आम्ही चौघी बायकांनी पुढे नेली. नासपतीच्या झाडाखाली जाळ करून माती मऊ केली. बाबांच्या डाव्या हाताला ठेवलंय तिला, जशी ती बाकावर बसायची. घंटा वाजून संपेपर्यंत दाजी फाटकाबाहेर टोपी काढून उभे होते, आणि किल्ली गळ्यात होती.

तुझ्यावरचा राग अजून आहे. दारावरचा पहिला कागद मी विसरणार नाही. पण आईला माती तू दिलीस, तुला न कळता, आणि तिचा मोजा घालून. हे तुला कळवल्याशिवाय मला झोप लागली नसती.

आता ते डाव्या मोज्याचं. तिच्या हाताला नावं ठेवू नकोस. ती अंगठ्यापर्यंत आली होती. अंगठा मी केला.

ताई